जुनं घर दुरुस्त करावं की पाडून नवं बांधावं? घरात तीन माणसं आणि चार मतं

पागोळी

नमस्कार. लांबलचक लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आमच्या घराचे दोन जन्म झालेत. पुढचा भाग सासऱ्यांनी १९७८ साली बांधला. तीन मोठ्या खोल्या, चौदा इंची विटांच्या भिंती, त्यांच्यावरच टेकलेला स्लॅब, कॉलम एकही नाही. मागचा भाग १९९१ मध्ये जोडला. स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास आणि गच्चीवर जायचा जिना. तिथे भिंती नऊ इंची. हा भाग घाईघाईत उरकला होता. घाई कसली होती ते कुणी धड सांगत नाही, विषय निघाला की सासरे पेपर उघडून बसतात.

आता तक्रारी. स्वयंपाकघराच्या छताचे पोपडे पडतात. गेल्या महिन्यात तळहाताएवढा तुकडा ओट्यावर आपटला, मी जेमतेम दोन मिनिटांपूर्वी तिथून बाजूला झाले होते. वर पाहिलं तर सळई उघडी पडलेली, गंजून तिचे पापुद्रे सुटलेले. न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत ओल आणि त्यावर पांढरी भुकटी. ती झाडूने झाडली तर पंधरा दिवसांत पुन्हा हजर. आणि जुना भाग नव्याला मिळतो तिथे वरपासून खालपर्यंत उभी भेग. वरच्या टोकाला तिच्यात माझी पेन्सिल शिरते, खाली जोत्यापाशी नखही शिरत नाही.

पुढच्या तीन खोल्यांना मात्र काही म्हणजे काही झालेलं नाही. खिळा ठोकायचा तर दोन वाकतात तेव्हा तिसरा जातो.

एका कंत्राटदाराने घरात पाऊल टाकायच्या आधी, फाटकातूनच सांगितलं, ‘पाडा’. दुसऱ्याने सगळं फिरून पाहिलं आणि दुरुस्तीचा अंदाज दिला. तो नव्या घराच्या अंदाजाच्या ५५ टक्के येतोय. दुरुस्ती नव्याच्या निम्म्यावर गेली की पाडावं, असं सगळे म्हणतात. मग ५५ म्हणजे पाडायचं? आणि ४९ असते तर ठेवायचं होतं? मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे असल्या ठोकळ नियमाची मला जरा चीड आहे, पण दुसरा नियम माझ्याकडेही नाही.

नवऱ्याला पाडून दुमजली हवंय, वरचा मजला मुलीसाठी. (मुलीला विचारलंय का? नाही.) सासरे काहीच बोलत नाहीत. मला एवढंच हवंय की स्वयंपाक करताना वर बघायला लागू नये.

ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी खरं खरं सांगा.

सडेतोड

पाडा. जुन्या घरात पैसा घालणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

ओळंबा

पागोळी, तुम्ही तक्रारी नीट पाहून लिहिल्यात म्हणून सविस्तर उत्तर देतो. तीस वर्षं बांधकामांच्या तपासण्या केल्या, आता निवृत्त आहे. विकायला माझ्याकडे काही नाही.

आधी ते ५५ टक्के. हे दोन आकडे एका जातीचे नाहीत, त्यामुळे त्यांचा भागाकार करून काही हाती लागत नाही. दुरुस्तीचा अंदाज डोळ्यांना दिसतं त्यावर बांधलेला असतो. गिलाव्याच्या आत काय आहे ते त्यात नसतं, म्हणून तो वाढतो. नव्याचा अंदाज कागदावर काढलेल्या घराचा असतो. पाडकाम, राडारोडा उचलणं, परवानग्या, तेवढा काळ भाड्याने राहणं, दोनदा सामान हलवणं, वीज-पाण्याची जोडणी पुन्हा घेणं, यातलं बरंचसं त्यात नसतं. तोही वाढतो, फक्त वेगळ्या जागी. दोन्हींत हे सगळं घाला आणि मग शेजारी ठेवा.

दुसरं म्हणजे तुमच्या तिन्ही तक्रारी मागच्या भागाच्या आहेत. ‘घर’ खराब झालं असं तुम्ही म्हणताय, पण तुमच्याच वर्णनावरून तुमची घरं दोन आहेत आणि त्यातलं एक आजारी आहे. प्रश्न घराला विचारू नका, त्याच्या भागांना वेगवेगळा विचारा.

भेग वर रुंद आणि खाली निमुळती आहे, यावरून मागचा भाग पुढच्यापासून लांब कलतोय असं दिसतं. म्हणजे त्याचं पलीकडचं टोक खचतंय. का खचतंय ते शोधल्याशिवाय भेग भरून काही उपयोग नाही, पुढच्या वर्षी ती भरलेल्या जागेच्या शेजारून उघडेल. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. तुटली की समजा हालचाल चालू आहे. पण किती सरकलं ते काच सांगत नाही. म्हणून भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक पक्का खिळा बसवा आणि मधलं अंतर दर रविवारी व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायच्या उपकरणाने) मोजून तारखेसह लिहा. गणिताच्या बाईंना हे सांगायला नको.

छताचं असं आहे. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि तोवर आतल्या सळईला गंज धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो आणि तो गुण घालवतो. असा गुण गेलेला थर सळईपर्यंत पोचला आणि जोडीला ओल असली की गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते, म्हणून तो वरचं काँक्रीट ढकलून पाडतो. तुमच्या ओट्यावर पडलं ते हेच. यावर सिमेंट थापणं म्हणजे जखम न धुता वर पट्टी बांधणं. तपासणी सोपी आहे. थोडं काँक्रीट ताजं फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण मारतात. गुलाबी झालं तर तिथे जीव आहे, रंग आला नाही तर तो थर गेला. हे पुढच्या खोल्यांतही करून घ्या, नुसतं मागे नको.

या कामाला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, आणि असा, जो नंतर तुमचं बांधकाम घेणार नाही. ‘पाडा’ म्हणणाऱ्याला पाडल्यावर काम मिळतं आणि ‘ठेवा’ म्हणणाऱ्याला ठेवल्यावर. दोघं खोटं बोलतात असं नाही, पण दोघांचंही पोट त्या उत्तरावर आहे.

तोवर स्वयंपाकघराच्या छताला टेकू लावा. हे उद्याच करा.

एकदाचं_झालं

आम्ही दुरुस्ती केली. चार महिने सांगितले होते, तेरा लागले. खर्च ठरल्यापेक्षा ४० टक्क्यांनी वर गेला.

कुठे गेला ते सांगतो, म्हणजे तुमचा तरी जाणार नाही. न्हाणीघराच्या फरश्या बदलायच्या म्हणून उखडल्या, तर खालचे लोखंडी नळ आतून गंजून बोटभर भोकाचे कडबोळ्यासारखे झालेले. मग सगळे नळ बदलले. नळांसाठी भिंत फोडली तर आत विजेच्या वायरी, त्यांना अर्थिंगच नाही. मग सगळं वायरिंग. वायरिंगला खाचा मारल्या तर अर्ध्या भिंतीचा गिलावा पोकळ, टकटक केलं की ढब ढब आवाज. मग गिलावा. एक धागा ओढला आणि अख्खा स्वेटर हातात आला.

त्यात राहायलाही आम्ही तिथेच होतो. ‘एकेक खोली करत जाऊ’ या मुकादमाच्या बोलण्यावर जाऊ नका. कपाटातल्या घडी घातलेल्या साड्यांच्या आत सिमेंटची धूळ निघाली, अजून निघते.

तरी पाडायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. माझं चुकलं ते एवढंच की करार करायच्या आधी मी एक भिंत, एक फरशी आणि छताचा एक कोपरा फोडून बघितला नाही. दोनशे रंगांच्या पट्ट्या बघितल्या, तीन ठिकाणी छिन्नी मारली नाही.

उत्तरेची_खिडकी

आम्ही पाडून नवं बांधलं. घर छान आहे, गळत नाही, जिना चढताना गुडघे कुरकुरत नाहीत. आता उरलेलं.

पाडायला चार दिवस लागले आणि परवानगीला आठ महिने. जुनं घर कुंपणाला जवळजवळ चिकटून होतं, तेव्हा चालायचं. नवं म्हटलं की नवे नियम लागतात. चारही बाजूंना जागा सोडा, गाडीची जागा दाखवा. त्यामुळे जमीन तेवढीच आणि तळमजला जुन्यापेक्षा लहान! वर मजला चढवला आणि गेलेल्या दोन खोल्या वर परत मिळवल्या. म्हणजे जे होतं तेच, फक्त मधे जिना. पागोळीताई, पाडायच्या आधी तुमच्या जमिनीवर आजच्या नियमाने नेमकं किती बांधता येतं ते आर्किटेक्टकडून कागदावर घ्या. आम्ही हे पाडल्यानंतर विचारलं.

आणि भिंती. जुन्या जाड भिंतींमुळे दुपारचं ऊन आत यायला रात्र व्हायची, तोवर बाहेर गार झालेलं असायचं. आता कॉलमच्या मधल्या सहा इंची भिंती चार वाजताच तापतात. हे कुठल्याच अंदाजपत्रकात लिहिलेलं नव्हतं.

पागोळी

सगळ्यांचे आभार. सडेतोड, तुमचेही, निदान वेळ वाचवलात.

ओळंबा, टेकू लावले. सहा लोखंडी जॅक ओट्यासमोर उभे आहेत आणि मी त्यांच्यामधून पातेली नेते.

खिळे ठोकले. पहिल्या रविवारी अंतर ४१.२ मिमी होतं, आज तिसऱ्या रविवारी ४१.५. काच दुसऱ्याच आठवड्यात तडकली. त्या रात्री झोप लागली नाही हे कबूल करते.

आणखी एक गोष्ट, कामाची आहे का बघा. गच्चीचा एक कोपरा फोडून पाहिला तर कोब्याचे (गळू नये म्हणून स्लॅबवर घालतात त्याचे) तीन थर निघाले. दर दहाएक वर्षांनी गळती लागली की जुना न काढता त्यावरच नवा घातलेला. मूळचा थर सोडून वरची जाडी अकरा सेंटिमीटर भरली. सासऱ्यांनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाले, ‘काढायला वेळ लागला असता.’

ओळंबा

कामाची आहे, फार कामाची. अकरा सेंटिमीटर कोबा म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जादा वजन, आणि तेही कायमचं. राहत्या खोलीत माणसं आणि सामान धरून स्लॅबवर जेवढा भार गृहीत धरतात तो साधारण तेवढाच असतो. म्हणजे तुमच्या गच्चीवर एक भरलेला संसार गेली कित्येक वर्षं अदृश्य राहतोय.

पहिल्या ते तिसऱ्या रविवारपर्यंत, म्हणजे दोन आठवड्यांत ०.३ मिमी ही हालचाल थोडी नाही. मागे जमिनीखालून सांडपाण्याचा पाइप जातो का? न्हाणीघराचा असणारच. त्यात गडद रंगाचं पाणी ओता आणि शेवटच्या चेंबरपाशी जाऊन उभ्या राहा. किती ओतलं, किती पोचलं ते बघा. आणि मागच्या कोपऱ्यात पायाला लागून एक खड्डा घ्यायला सांगा, पाया किती खोल आहे आणि कशावर टेकलाय ते दिसेल. खड्डा लहान हवा, पायाच्या तळाखाली जायचं नाही आणि लगेच बुजवायचा.

सडेतोड

एवढ्या तपासण्यांच्या वेळात नवं घर उभं राहिलं असतं.

एकदाचं_झालं

सडेतोड, उत्तरेची_खिडकी यांचे आठ महिने वाचलेत का?

पागोळी

सहा आठवडे गप्प होते, आता सगळं एकदम सांगते.

रंग ओतला. दोन बादल्या लालभडक पाणी. मी चेंबरपाशी वाकून उभी, नवरा न्हाणीघरात. तिकडून ओरडून विचारतोय ‘आलं का?’ आणि इथे नुसती गुलाबी ओघळ. दोन बादल्यांतलं अर्धंसुद्धा आलं नाही. उरलेलं गेलं घराच्या पोटात. खणल्यावर पाइपचा सांधा निखळलेला सापडला, मागच्या कोपऱ्याच्या बरोब्बर खाली. किती वर्षं तिथे पाणी मुरत होतं कोण जाणे.

इंजिनिअर बाई आल्या (बांधकाम घेत नाहीत, आधीच विचारून घेतलं). खड्ड्यात उतरून टेप लावली. मागचा पाया जेमतेम ४५ सेंटिमीटर आणि तो टेकलाय भरावाच्या मातीवर. पुढचा पाया सव्वा मीटर खोल आणि खाली कठीण थर. १९९१ ची घाई ती अशी. सासरे खड्ड्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. टेपवरचा आकडा ऐकला आणि उठून आत गेले. मी मागे गेले नाही. रात्री आपणहून म्हणाले की तेव्हा पैसे संपत आले होते, आणि गवंडी म्हणाला होता की मागे काय, न्हाणीघर तर आहे.

मग द्रावण. स्वयंपाकघराच्या छताचा ताजा तुकडा काढून त्यावर फवारा मारला. काहीच नाही. ओल्या राखेसारखा रंग, सळईच्या मागेपर्यंत तसाच. पुढच्या खोलीत तोच फवारा मारला तर वरचा आठ मिलिमीटरचा पट्टा कोरा आणि त्याच्या आत एकदम गुलाबी, जांभळ्याकडे झुकणारा. सळई वीस मिलिमीटरवर आहे, म्हणजे अजून गुलाबीत. नवऱ्याने फोटो काढला. मी त्या डागाला हात लावला तर बोट कोरडंच. का कोण जाणे, ओलं असेल असं वाटलं होतं.

निकाल असा. मागचा भाग पूर्ण पाडायचा आणि कठीण थरापर्यंत पाया नेऊन नवा बांधायचा, पण या वेळी पुढच्याला न चिकटवता. मधे २५ मिमीचा सांधा ठेवायचा, त्यात दबणारं साहित्य भरायचं आणि वरून पाणी आत जाऊ नये म्हणून पत्रा. दोन भाग खचले-हलले तर आपापले. पुढचा भाग ठेवायचा, त्याचा जादा कोबा उतरवायचा, वायरिंग आणि नळ नवे.

‘दुमजली’चा निकालही लागला. पुढच्या भिंती जाड असल्या तरी दारं-खिडक्यांच्या माथ्यावरून घरभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा त्यांत नाही, भूकंपात भिंतींना एकत्र बांधून धरतो तो. बाई म्हणाल्या, मजबुतीकरण न करता वर मजला चढवायला मी सही देणार नाही. मजबुतीकरणाचा खर्च धरला तर सगळंच पाडणं स्वस्त पडतं. म्हणजे आमचा प्रश्न ‘दुरुस्ती की नवं’ असा नव्हताच, वरचा मजला हवा की नको एवढाच होता. शेवटी मुलीला फोन लावला. ती म्हणाली, ‘मी कधी म्हटलं मला वरचा मजला पाहिजे?’ नवरा दोन दिवस घुश्शात होता, मग स्वतःच स्वयंपाकघराचा नकाशा घेऊन बसला.

खर्च स्वस्त नाही. ओळंबा म्हणाले तसं दोन्हीकडे सगळं घालून पाहिलं. आमचा मार्ग संपूर्ण नव्याच्या ६२ टक्क्यांवर आला, शिवाय वीस टक्के हाताशी वेगळे ठेवलेत. ठोकळ नियमाने मी चूक करतेय. पण पाच महिने पुढच्या तीन खोल्यांत राहता येईल, तात्पुरता ओटा खिडकीपाशी लावतोय, आणि एकदाचं_झालं, साड्यांचं कपाट आजच बहिणीकडे पाठवलं.

पाइप बंद करून पाणी दुसरीकडून काढलं त्याला चार रविवार झाले. ४१.६, ४१.६, ४१.६, ४१.६. आता ही वही सासऱ्यांनी ताब्यात घेतलीय. व्हर्नियर वाचता येत नाही म्हणून भिंग घेऊन जातात. नवी काचपट्टीही त्यांनीच चिकटवली.

एक शेवटची शंका. मागचं पाडताना हातोड्याचे दणके पुढच्या भिंतीला बसतील ना? कंत्राटदार म्हणतो काही होत नाही.

ओळंबा

बसतील. दोन्ही भाग जिथे जोडलेत तिथे स्लॅब आणि भिंत आधी कटरने वरपासून खालपर्यंत कापून वेगळी करून घ्या, मग हातोडा. आधी कोबा उतरवा, मग स्लॅब, मग भिंती, आणि भिंती वरून खाली एकेक थर. स्लॅब निघाला की नऊ इंची भिंतींना वरून आधार राहत नाही, तेव्हा त्याच दिवशी तिरके टेकू द्या. रात्रभर तशाच उभ्या ठेवू नका. करारात हा क्रम लिहून घ्या, तोंडी नको.

चार रविवार म्हणजे पाणी थांबल्याचा परिणाम दिसतोय, पण उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही जाईपर्यंत मोजणं सोडू नका. मागचा भाग पाडला की जुने खिळे जातील, तेव्हा पुढच्या भिंतीला जिथे केसासारखी जरी रेष दिसेल तिथे नवे बसवा. सासऱ्यांना म्हणावं आकडा दोनदा घ्या.

पागोळी

तीनदा घेतात.